बर्फ न्यायचा कुठे?

संध्याकाळचे सात वाजत आलेले असतात. बाहेर उणे बारा अंश. स्वयंपाकघरात सूप उकळत असते, मुले गृहपाठाला बसलेली असतात आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक भोंगा वाजू लागतो. चढा सूर, उतरता सूर, पुन्हा चढा, पुन्हा उतरता. हा रुग्णवाहिकेचा आवाज नव्हे, आगीच्या बंबाचाही नव्हे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात हा आवाज कानावर पडला की माणूस आधी खिडकीशी धावतो आणि आपली मोटार कुठे उभी आहे ते पाहतो. ती चुकीच्या बाजूला असेल तर घरच्या कपड्यांवरच कोट चढवतो, हाताला लागतील ते बूट पायांत सारतो आणि घसरड्या लोखंडी जिन्यावरून कठडा धरत धरत खाली पळतो. कारण भोंगा वाजवणारी गाडी असते मोटारी उचलून नेणाऱ्या पथकाची आणि तिच्या मागोमाग येत असते बर्फ उचलणारी वरात.

वरात म्हणण्यासारखीच ती असते. सगळ्यांत पुढे फुटपाथवरून धावणारी छोटी यंत्रे. ती फुटपाथवरचा बर्फ रस्त्यावर ढकलतात. त्यांच्यामागे पोलादी पाती लावलेली अवजड वाहने. ती सगळा बर्फ ओढून रस्त्याच्या एका कडेला लांबलचक बांध घालतात. मग येते एक अजस्र यंत्र. त्याच्या जबड्यातली पाती गरगरत बर्फ आत खेचतात आणि उंच वाकड्या नळीतून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतात. एक ट्रक भरला की दुसरा त्याची जागा घेतो. यंत्र थांबतच नाही. पिवळे दिवे फिरत असतात, घरांच्या काचा थरथरत असतात आणि लहान मुले नाक काचेला लावून बघत असतात. काही मिनिटांत रस्ता मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काळे डांबर दिसते.

ज्यांची मोटार तिथेच राहून गेली, त्यांना ती सकाळी जागेवर मिळत नाही. मात्र तिला दूरच्या गोदामात नेऊन टाकण्याची पद्धत नाही. जवळच्याच एखाद्या साफ झालेल्या गल्लीत ती नेऊन ठेवतात आणि दंडाची पावती लावतात. आपली गाडी कोणत्या गल्लीत गेली हे पूर्वी पायपीट करून शोधावे लागे. आता महापालिकेच्या मोबाईल अॅपवर ते कळते. भारतातून नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या हिवाळ्यात एकदा तरी ही पायपीट केली नाही, तर त्याला नशीबवानच म्हणायचे.

दोन मीटरांचा पाहुणा

मॉन्ट्रियल हे सेंट लॉरेन्स नदीतल्या एका बेटावर वसलेले, सतरा-अठरा लाख वस्तीचे फ्रेंचभाषी शहर. नकाशात पाहिले तर ते पॅरिसच्याही दक्षिणेला आहे. पण युरोपला मिळणारी समुद्राची ऊब इथे नाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सरासरी दोन मीटर बर्फ पडतो. आणि तो नुसता पडून राहात नाही. मध्येच तापमान शून्याच्या वर जाते, पाऊस पडतो, बर्फाचा चिखल होतो आणि रात्रीत पारा पुन्हा उतरला की त्याच चिखलाचा दगड बनतो. त्यावरून पाय घसरला तर नुसते खरचटून भागत नाही. मनगट किंवा खुबा मोडतो.

जुन्या वस्त्यांतले रस्ते अरुंद, दोन्ही कडांना उभ्या मोटारी आणि घराचा जिना थेट फुटपाथवर उतरलेला. पहिल्या दोन-तीन बर्फवृष्टींचा बर्फ कडेला सारून चालतो. पुढे कडेचे ढीग रस्ता गिळू लागतात. जानेवारी संपेपर्यंत आगीचा बंब आत शिरणार नाही अशी अवस्था होईल. म्हणून इथे बर्फ नुसता बाजूला सारत नाहीत, उचलून नेतात.

आपल्याकडे बर्फ हटवणे म्हटले की रोहतांग किंवा जोजिला आठवते. सीमा सडक संघटनेचे जवान तिथे बर्फाच्या भिंती कापतात. ते काम जिवावरचे आहे. पण खिंडीत एक सोय असते. कापलेला बर्फ शेजारच्या दरीत ढकलता येतो. भर शहरात दरी कुठून आणायची?

मळणीयंत्रातून निघालेली युक्ती

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. हिवाळा आला की गाड्यांची चाके बाजूला ठेवायची आणि घोड्यांना घसरगाड्या जुंपायच्या. बर्फ हटवण्याऐवजी तो दाबून सपाट करायचा, की झाला रस्ता. ट्राम आली, तिच्या रुळांवरचा बर्फ काढणे भाग पडले. मोटार आली आणि सगळाच रस्ता मोकळा हवासा झाला. माणसे फावडी घेऊन बर्फ उपसत, घोडागाड्यांत भरत आणि नदीत नेऊन टाकत. हिवाळ्यात हाताला काम नसलेल्या कित्येकांची चूल त्या फावड्यावर पेटे.

आर्थर सिकार हा मॉन्ट्रियलजवळचा शेतकरी. शेतातल्या मळणीयंत्राकडे पाहून त्याच्या डोक्यात आले, की यंत्र जर धान्याच्या पेंढ्या आत ओढून भुसा लांब फेकू शकते, तर बर्फ का नाही? लोकांनी वेड्यात काढले, तरी बरीच वर्षे खटपट करून १९२५ साली त्याने बर्फ उडवणारे यंत्र उभे केले. दोन वर्षांनी शेजारच्या ऊत्रमाँ नगरपालिकेने पहिले यंत्र विकत घेतले. आज बर्फ पडणाऱ्या प्रत्येक देशात त्याची भावंडे धावताना दिसतात.

दुसरी गोष्ट मात्र दुःखाची आहे. क्वेबेक प्रांतातल्या वालकूर या खेड्यात जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचा मेकॅनिक राहात असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा विकार झाला. हॉस्पिटल दूर, रस्ते बर्फाखाली बुडालेले. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे त्याचे प्रयोग आधीपासून सुरू होते. पण त्या रात्री अंगणात असलेली एकही गाडी चालण्याजोगी नव्हती. मूल दगावले. त्यानंतर त्याने पट्ट्यावर चालणारी गाडी तयार करून १९३७ साली पेटंट मिळवले. त्या गाड्यांतून पुढे डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले जाऊ लागली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बोंबार्दियेच्या गाड्यांची मागणी घसरली आणि तो इतर कामांच्या यंत्रांकडे वळला. मॉन्ट्रियलच्या फुटपाथवर खडखडत जाणारी पट्ट्यांची छोटी यंत्रे त्याच कुळातली.

मीठ, खडी आणि पोलाद

बर्फ पडू लागला की पहिले काम मिठाचे. पॉटमधले आइस्क्रीम ज्यांनी घरी केले आहे, त्यांना याचे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. बर्फात जाडे मीठ घातले की तो वितळतो, कारण खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. रस्त्यावर मीठ टाकण्याचा हेतू सगळा बर्फ वितळवण्याचा नसतो. डांबराला चिकटलेला थर सुटावा, म्हणजे पाते फिरल्यावर तो निघून येतो, एवढ्यासाठीच ते टाकायचे. पारा उणे पंधराच्या खाली गेला की मिठाचा प्रभाव जवळजवळ संपतो. मग बारीक खडी टाकतात. ती बर्फ वितळवत नाही, पण पायाला धर देते. हिवाळ्याभरात मीठ आणि खडी मिळून लाखाहून अधिक टन माल या शहरात पसरला जातो. क्वेबेकच्या रस्त्यांवरचे बरेचसे मीठ सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या माग्दालेन बेटांवरून येते. तिथे समुद्रसपाटीच्या खाली खोल मिठाची खाण आहे.

बर्फ अडीच सेंटिमीटरांच्या आसपास साचला की पाती निघतात. साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर झाला की उचलण्याचा हुकूम सुटतो. आधी नारिंगी फलक लागतात: अमुक बाजूला, अमुक वेळेत गाडी उभी करू नये. एका रात्री एक बाजू, मग दुसरी. कामाला असतात सुमारे ३,००० माणसे आणि २,२०० वाहने. रस्ते आणि फुटपाथ मिळून साफ करायचे अंतर १०,००० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली सात वेळा. हिवाळाभरात उचलला जाणारा बर्फ सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर, ट्रकच्या खेपा ३ लाखांच्या घरात. वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा एक दणका उचलायला चार-पाच दिवस लागतात, आणि ते संपेपर्यंत दुसरा आला तर गणित पुन्हा पहिल्यापासून.

या यंत्रांची भीतीही आहे. बर्फ खेचणाऱ्या त्या जबड्याला समोर बर्फ आहे की माणूस हे कळत नाही. म्हणून यंत्राच्या पुढे लक्ष ठेवणारा एक माणूस असावाच लागतो. पूर्वी तो पायीच चालत असे; आता छोट्या गाडीतूनही जातो. रस्त्याकडेच्या ढिगात गुहा खणून खेळू नका, असे तिथली प्रत्येक आई मुलांना बजावते. वाहनाखाली पादचारी सापडल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत, आणि त्यांतूनच ट्रकच्या बाजूंना अडसर बसवण्याची मागणी पुढे आली.

मिठाची किंमत तर वेगळीच चुकवावी लागते. बुटांवर आणि पँटच्या काठांवर पांढऱ्या रेघा उठतात. गृहिणी त्या पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसतात. कुत्र्यांचे पंजे जळजळतात, म्हणून त्यांनाही मोजे घालतात. दारातच जोडे काढून आत यायचे हा नियम आपल्याइतकाच तिकडेही कडक आहे, आणि त्याचे मुख्य कारण हे मीठच. पण हे झाले किरकोळ. सेंट लॉरेन्सवरचा शाम्प्लेन पूल १९६२ साली खुला झाला. पुढल्या काळात त्यावर इतके मीठ पडेल याचा विचार बांधताना झाला नव्हता. खारे पाणी कडेच्या तुळयांवर झिरपत राहिले आणि काँक्रीटच्या आतले पोलाद गंजत गेले. २०१३ साली एका तुळईला मोठी भेग पडली, तेव्हा तिला आधार द्यायला घाईघाईने वरून पोलादी तुळई टाकावी लागली. अखेर २०१९ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला आणि जुना तुकड्या-तुकड्यांनी उतरवला गेला. पूल म्हटले की निदान शंभर वर्षे तरी धरून चालतो. हा साठीही धडपणे गाठू शकला नाही. रस्त्यावरचे मीठ नद्या-नाल्यांतल्या जीवांना घातक आहे, असा निष्कर्ष कॅनडाच्या सरकारनेच २००१ साली काढला. तरी त्याला पूर्ण पर्याय अजून सापडलेला नाही.

आधी कोणाचा रस्ता?

मोटारवाल्याचे गाऱ्हाणे लगेच ऐकू येते. पायी चालणाऱ्याचे तसे नसते. सत्तरीतल्या आजीबाईंना कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे असेल, तर चारचाकीला अडवू न शकणारा गुडघाभर ढीगही त्यांना घरात कोंडून ठेवायला पुरतो. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला फुटपाथ आणि रस्ता यांच्या सांध्यावर उरलेला एक वीतभर बर्फ म्हणजे बंद दरवाजा. बाबागाडी ढकलणारी आई तर शेवटी रस्त्यावरच उतरते, धावत्या गाड्यांमधून वाट काढते. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या छोट्या शहराने काही वर्षांपूर्वी याच मुद्द्यावर आपल्या कामाचा क्रम तपासला. मोठे रस्ते आधी आणि फुटपाथ नंतर, या रिवाजाचा फायदा मुख्यतः गाडीने जाणाऱ्या पुरुषांना होतो, आणि पायी किंवा बसने जाणाऱ्या बायका मागे राहतात, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पाळणाघरे, शाळा आणि फुटपाथ यांना आधी हात घातला. मॉन्ट्रियलमध्ये मोठे रस्ते, बसचे मार्ग आणि हॉस्पिटल-शाळांकडे जाणाऱ्या वाटांना पहिला मान आहे. आतल्या गल्ल्या शेवटी. फुटपाथच्या तक्रारी मात्र कोणत्याच हिवाळ्यात थांबत नाहीत.

शिवाय आपला जिना, आपली गच्ची आणि दारापुढची वाट ज्याची त्याने साफ करायची असते. इथे फावडे घराघरांत असते आणि ते चालवताना माणसे छातीला हात लावून बसतात. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१७ साली जे मांडले, ते घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने वाचण्यासारखे आहे. वीस सेंटिमीटर बर्फ पडून गेल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळली. स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. फावडे हेच कारण असे या नोंदींतून थेट सिद्ध होत नाही. पण संशय त्याच्यावरच आहे. थंडीत आखडलेल्या रक्तवाहिन्या, रिकाम्या पोटी घाईने केलेले जड काम आणि 'मी करतो, तू आत जा' हा पुरुषी बाणा, यांचे मिश्रण बरे नव्हे.

यंत्रे हरतात तेव्हा

सगळी तयारी असूनही कधीतरी आभाळ वरचढ ठरते. ४ मार्च १९७१ रोजी चाळीस सेंटिमीटरांहून अधिक बर्फ आणि ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढचे वारे एकाच वेळी आले. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत ढीग चढले, वीज गेली, सतरा माणसे दगावली. हॉकी म्हणजे त्या शहराचे क्रिकेट. त्या दिवशी तिचाही सामना रद्द झाला. डॉक्टर आणि परिचारिकांना बर्फावरच्या छोट्या पट्टागाड्यांवरून हॉस्पिटलात पोहोचवावे लागले.

जानेवारी १९९८ चे संकट निराळे होते. तेव्हा बर्फ पडलाच नाही. पाऊस पडला, आणि जिथे टेकला तिथेच काचेसारखा गोठला. पाच-सहा दिवस हेच चालले. तारांवर, फांद्यांवर जाड काचेचे वेष्टण चढले आणि विजेचे मनोरे वजनाने कोसळले. क्वेबेकमध्ये तीस लाखांहून अधिक लोक अंधारात आणि थंडीत बसले; काही गावांत वीज यायला महिना लागला. मदतीला लष्कर उतरले. रस्त्यावरचा बर्फ उचलता येतो. हवेतून पडणाऱ्या या काचेपुढे तेव्हा ना मीठ पुरले, ना पाते.

फेब्रुवारी २०२५ ची आठवण तर ताजीच आहे. १३ आणि १६ तारखेला लागोपाठ दोन वादळे आली आणि चार दिवसांत सत्तर सेंटिमीटरांहून अधिक बर्फ पडला. महापालिकेने दिलेली मुदत टळली आणि दोन आठवडे उलटूनही काही गल्ल्यांत बर्फ तसाच होता. फुटपाथ कुठे संपतो हे कळेना, बसथांब्यावर लोक ढिगांच्या माथ्यावर उभे राहून बसची वाट पाहू लागले. कराचा हिशेब मग आपसूक निघतो. या कामावर शहर वर्षाला साधारण वीस कोटी कॅनेडियन डॉलर, म्हणजे सुमारे बाराशे कोटी रुपये खर्च करते. त्यातले बरेचसे काम ठेकेदारांकडे असते. काही ठेकेदारांनी आपसात वाटे ठरवून बोली लावल्याचा संशय महापालिकेच्याच महानिरीक्षकांनी २०१५ साली अहवालात व्यक्त केला होता. ठेका आणि बोली म्हटले की हवामान बदलले तरी माणसे तीच असतात, असे दिसते.

शहरातली दरी

आता तो ट्रकमध्ये भरलेला बर्फ. दिसायला पांढरा असला तरी त्यात मीठ, खडी, गाड्यांचे तेल, धातूंचे कण, सिगारेटची थोटके असे सगळे असते. पिढ्यान् पिढ्या तो सरळ सेंट लॉरेन्समध्ये जात असे. आणि त्याच नदीचे पाणी शहर पिते. प्रांताच्या सरकारने नियम कडक केले आणि विसावे शतक संपता संपता ही वाट बंद झाली. मग उरल्या तीन वाटा. काही बर्फ मोकळ्या मैदानांवर रचतात. काही ठरावीक ठिकाणच्या मोठ्या भोकांतून भुयारी गटारात सोडतात. तिथले सांडपाणी उबदार असल्याने तो वितळतो आणि शुद्धीकरण केंद्राकडे जातो.

आणि सगळ्यांत मोठा वाटा, जवळपास चाळीस टक्के, जातो फ्रँकाँ खाणीत. सेंट मिशेल या वस्तीच्या मधोमध असलेली ही चुनखडीची जुनी खाण. भूगर्भशास्त्रज्ञांना ती वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: वेलोगॅनाइट हे दुर्मीळ खनिज जगात पहिल्यांदा इथेच सापडले. १९८० च्या दशकात महापालिकेने ती विकत घेतली आणि तेव्हापासून शहराची दरी झाली ती हीच. कड्याच्या काठाशी ट्रक उलटे लागतात, मागचा भाग वर उचलला जातो आणि बर्फ धडधडत खाली कोसळतो. खाली बुलडोझर तो पसरत राहतात. वितळलेले पाणी गोळा करून गटारमार्गे शुद्धीकरणाला पाठवतात.

सेंट मिशेल ही स्थलांतरितांची, हातावर पोट असलेल्यांची वस्ती. सगळ्या शहराचा बर्फ त्यांच्या दारावरून जातो. रात्रभर ट्रकांची घरघर, मागे येताना वाजणारे भोंगे आणि वस्तीच्या पोटात पडलेला हा प्रचंड खड्डा, ज्याला वळसा घालूनच पलीकडे जावे लागते. तिथे बाग करावी, घरे बांधावीत, निदान काठाने चालायला वाट तरी द्यावी, अशा मागण्या वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. पण इतका बर्फ सामावेल अशी दुसरी जागा शहराजवळ नाही.

जुलैत मॉन्ट्रियलचा पारा तिशीवर जातो. लोक अर्ध्या चड्डीत हिंडतात, आइस्क्रीमच्या दुकानांपुढे रांगा लागतात. तेव्हाही फ्रँकाँ खाणीच्या तळाशी काळा-करडा डोंगर ठिबकत उभा असतो. वरच्या खडी-मातीच्या थराने आतल्या बर्फाला गोधडीसारखे झाकलेले असते. नोव्हेंबर-डिसेंबरात नव्या हंगामाचा पहिला ट्रक काठाशी येऊन उलटा लागतो, तेव्हा गेल्या हिवाळ्याच्या बर्फाचा तळ कित्येकदा अजून तिथेच असतो.